मोबाईलमधील नकोशी ॲप्स : काढण्यातील अडचणी व उपाय

रायगड जिल्ह्यातील तळा हा पूर्वी माणगाव तालुक्यात मोडणारा, आता स्वतंत्र झालेला छोटासा डोंगराळ तालुका. तळगडाच्या पायथ्याशी वसलेली बाजारपेठ, मांदाडच्या खाडीकडे उतरणाऱ्या वाटा, कुडा येथील प्राचीन बौद्ध लेणी आणि डोंगरउतारांवर विखुरलेल्या वाड्या अशी या मुलखाची ठेवण आहे. तलाठी, ग्रामसेवक, शिक्षक किंवा अंगणवाडी सेविका वाडीवर निघाल्या, की एकेकाळी त्यांच्या पिशवीत नोंदवह्या असत. आज त्या नोंदवह्यांची जागा बऱ्याच अंशी मोबाईलने घेतली आहे. बालकाचे वजन, शाळेतील उपस्थिती, शेतात उभे असलेले पीक ही सारी माहिती हातातल्या त्या लहानशा यंत्रात नोंदली जाते आणि तेथूनच पुढे पाठविली जाते.

नोंदवही भरली, तर दुसरी आणता येते. मोबाईल भरला, तर काम थांबते. तो पुष्कळदा भरतो तो कामाच्या नोंदींनी नव्हे, तर कोणी मागितली नसताना आत शिरलेल्या ॲप्सनी. ती काढावयास जावे, तर काही निघत नाहीत, काही निघून पुन्हा येतात आणि काही वेळा घाईत भलतेच काढले जाऊन हवी असलेली नोंद नष्ट होते. म्हणूनच ॲप काढण्याची रीत हा केवळ हौशी तंत्रज्ञांचा विषय राहिलेला नाही. गावपातळीवर काम करणाऱ्या प्रत्येक कार्यकर्त्याने ती समजून घेणे आवश्यक झाले आहे.

२०२१ चा धडा

केंद्र शासनाच्या महिला व बालविकास मंत्रालयाने १ मार्च २०२१ रोजी ‘पोषण ट्रॅकर’ हे ॲप सुरू केले. त्याच वर्षी ऑगस्ट महिन्यात महाराष्ट्रातील हजारो अंगणवाडी सेविकांनी आपल्याकडील शासकीय मोबाईल परत केले. मोबाईलची रॅम अवघी २ जीबी आहे, यंत्र अडखळते व तापते, नवे ॲप त्यात नीट चालत नाही आणि त्याची भाषा इंग्रजी आहे, अशा त्यांच्या तक्रारी होत्या. या घटनेने एक गोष्ट सर्वांच्या लक्षात आणून दिली. योजना कितीही चांगली असली, तरी तिची नोंद ज्या यंत्रात व्हावयाची त्याची क्षमता मर्यादित असते आणि त्या क्षमतेचा हिशेब ठेवावाच लागतो.

हा हिशेब दोन प्रकारचा आहे. रॅम म्हणजे कामाचे टेबल, तर स्टोरेज म्हणजे कपाट. टेबल लहान असेल, तर एका वेळी थोडेच कागद पसरता येतात. कपाट भरले, तर नवा कागद ठेवावयास जागा उरत नाही. नकोशी ॲप्स कपाटातील जागा अडवितात. शिवाय त्यांपैकी पुष्कळशी पडद्याआड चालू राहून टेबलाचाही काही भाग व्यापतात. ती काढल्याने जुने यंत्र नवे होत नाही, हे खरे. तथापि आहे त्या यंत्राची पूर्ण क्षमता कामाच्या ॲपला मिळू शकते.

‘काढणे’ या शब्दाचे चार अर्थ

अडचणींचे पहिले मूळ या शब्दातच आहे. मोबाईलमध्ये ‘काढणे’ म्हणून जे समजले जाते, त्यात चार निरनिराळ्या क्रिया येतात.

पहिली क्रिया म्हणजे मुख्य पडद्यावरील चिन्ह हलविणे. यात ॲप जागच्या जागी राहते, केवळ दिसेनासे होते. दुसरी म्हणजे ‘बंद करा’. यात ॲप यंत्रात असते, पण चालत नाही. तिसरी म्हणजे ‘अनइंस्टॉल करा’. यात ॲप व त्याने स्वतःजवळ ठेवलेली माहिती यंत्रातून जाते. चौथी क्रिया ॲपच्या सर्व्हरवरील आपले खाते मिटविण्याची. मोबाईलमधून ॲप गेले, तरी हे खाते आपोआप मिटत नाही.

यांच्याच जोडीला स्टोरेजच्या पानावर ‘कॅशे साफ करा’ आणि ‘डेटा साफ करा’ अशी दोन बटणे असतात. पहिले बटण ॲपने सोयीसाठी जमविलेला तात्पुरता साठा काढते, त्यापासून सहसा धोका नसतो. दुसरे बटण मात्र ॲपमधील सारी माहिती पुसून टाकते. जागा मोकळी करण्याच्या भरात कामाच्या ॲपवर हे दुसरे बटण दाबले गेले, तर मोबाईलमध्ये साठलेली आणि अद्याप वर न गेलेली नोंद कायमची जाते.

आधी नोंद पाठवावी, मग हात लावावा

डोंगराळ भागात ही गोष्ट विशेष महत्त्वाची ठरते. महाराष्ट्र शासनाने १५ ऑगस्ट २०२१ पासून राज्यभर राबविलेल्या ‘ई-पीक पाहणी’चे उदाहरण घेता येईल. शेतकरी स्वतः शेतात उभा राहून पिकाचे छायाचित्र व माहिती नोंदवितो. बांधावर नेटवर्क नसेल, तर ती माहिती मोबाईलमध्ये थांबते आणि नेटवर्कच्या कक्षेत आल्यावर अपलोड करावी लागते. या ॲपच्या नव्या आवृत्त्या वेळोवेळी आल्या आणि जुनी आवृत्ती काढून नवी घेण्याचा प्रसंगही शेतकऱ्यांवर आला. जुन्या आवृत्तीत नोंद अडकलेली असताना ती काढली, तर ती पाहणी झालीच नाही असे ठरते. भाताच्या एका हंगामाची नोंद सातबाऱ्यावर येणे वा न येणे, आणि पुढे नुकसानभरपाईच्या वेळी तिचा आधार मिळणे वा न मिळणे, हे त्या एका कृतीवर अवलंबून राहते.

म्हणून कोणत्याही ॲपला हात लावण्यापूर्वी तीन गोष्टी कराव्यात. कामाच्या सर्व ॲप्समधील प्रलंबित नोंदी नेटवर्कच्या जागी जाऊन अपलोड कराव्यात व त्या पोहोचल्याची खात्री करावी. आवश्यक छायाचित्रे व कागदपत्रे दुसरीकडे उतरवून घ्यावीत. आणि मोबाईल ज्या खात्यावर चालतो त्याचा पासवर्ड आठवतो, हे तपासून पाहावे.

ॲप कोणत्या हक्काने बसले आहे?

जमिनीवरील ताबा हटविण्यापूर्वी महसूल अधिकारी सातबारा पाहतो आणि ‘इतर हक्क’ या रकान्यावरही नजर टाकतो. ॲपच्या बाबतीतही हीच रीत उपयोगी पडते. जे ॲप निघत नाही, ते तेथे कोणत्या हक्काने आहे, एवढे कळले की उपाय आपोआप ठरतो. असे चार प्रकार आढळतात.

पहिला प्रकार उत्पादकाने कारखान्यातच बसविलेल्या ॲप्सचा. ती यंत्रणेच्या राखीव भागात असतात. त्यामुळे त्यांच्या पानावर ‘अनइंस्टॉल करा’ऐवजी ‘बंद करा’ हे बटण दिसते. अशा वेळी आधी त्या ॲपची नंतर आलेली अपडेट्स काढावीत आणि मग ते बंद करावे. मूळ ॲप राखीव जागेत राहिले, तरी त्याचे चालणे थांबते आणि अपडेट्सनी व्यापलेली जागा मोकळी होते. मात्र नाव अनोळखी दिसते एवढ्याच कारणावरून यंत्रणेचा कोणताही भाग बंद करू नये. कॉल, संदेश, कीबोर्ड यांसारख्या गोष्टी अशाच भागांवर चालतात. बंद केल्यावर काही बिघडले, तर त्याच पानावरून ते पुन्हा चालू करता येते.

दुसरा प्रकार वापरणाऱ्याने किंवा घरातील मुलाबाळांनी स्वतः घेतलेल्या ॲप्सचा. ही सरळ निघतात. सेटिंग्जमधील ‘ॲप्स’ या विभागात जाऊन संपूर्ण यादी उघडावी, ॲप निवडावे, प्रथम ‘सक्तीने थांबवा’ आणि नंतर ‘अनइंस्टॉल करा’ हे बटण दाबावे. क्रिया मध्येच अडली, तर मोबाईल एकदा बंद करून पुन्हा सुरू करावा. अर्धवट राहिलेले अपडेट हे अशा अडथळ्याचे नेहमीचे कारण असते.

तिसरा प्रकार कार्यालयाने बसविलेल्या ॲप्सचा. शासकीय मोबाईल व शाळांचे टॅब यांवर पुष्कळदा संस्थेचे नियंत्रण ठेवणारे ॲप असते. तेथे बटण फिके दिसते किंवा ही क्रिया व्यवस्थापकाने रोखली आहे असा संदेश येतो. हा बिघाड नव्हे. अशा यंत्रावर परस्पर प्रयोग न करता संबंधित कार्यालयाला लेखी कळवावे.

चौथा प्रकार घुसखोरांचा. त्याचा विचार स्वतंत्रपणे केला पाहिजे.

टॅब आणि आयफोन

शाळेतील टॅबवर आणखी एक अडचण वारंवार येते. ॲप काढले, तरी यादीत ते फिक्या अक्षरांत दिसत राहते आणि ‘या वापरकर्त्यासाठी इंस्टॉल केलेले नाही’ अशा अर्थाची ओळ त्याखाली असते. याचा अर्थ त्याच टॅबवर दुसऱ्या वापरकर्त्याचे खाते असून त्याच्याकडे ते ॲप शिल्लक आहे. मुख्य खात्यातून ॲपचे पान उघडून ‘सर्व वापरकर्त्यांसाठी अनइंस्टॉल करा’ हा पर्याय घेतल्यावरच जागा मोकळी होते.

आयफोन व आयपॅडवर चिन्ह दाबून धरल्यानंतर दोन पर्याय येतात. एक केवळ पडद्यावरून हटविण्याचा आणि दुसरा ॲप पुसण्याचा. पहिला निवडला, तर जागा मोकळी होत नाही. पुसण्याचा पर्यायच दिसत नसेल, तर ‘स्क्रीन टाइम’ विभागातील निर्बंध पाहावेत. मुलांच्या हाती दिलेल्या यंत्रावर ॲप पुसण्यास तेथून बंदी घातलेली असू शकते.

घुसखोर ॲप ओळखणे व हटविणे

गावाच्या किंवा शाळेच्या व्हॉट्सॲप समूहावर एखादी फाईल येते. तिच्यावर कधी शेतकरी योजनेचे नाव असते, कधी वाहनाच्या चलनाचे, कधी लग्नपत्रिकेचे. फाईलच्या नावाच्या शेवटी ‘एपीके’ ही अक्षरे असतात. ती उघडली, की पत्रिका दिसत नाही, ॲप बसते. बसताच ते संदेश वाचण्याची, सूचना पाहण्याची आणि ‘ॲक्सेसिबिलिटी’ सेवेची परवानगी मागते. ही सेवा मुळात दृष्टिहीन व अन्य दिव्यांग व्यक्तींच्या सोयीसाठी आहे. तिच्याद्वारे ॲपला पडद्यावरील मजकूर वाचता येतो व वापरकर्त्याच्या वतीने बटणेही दाबता येतात. घुसखोर तिचाच गैरफायदा घेतो. बँकेचा ओटीपी तो परस्पर पुढे पाठवितो आणि त्याला काढावयास गेल्यास सेटिंग्जचे पान आपोआप मिटवितो. काही घुसखोर आपले चिन्ह लपवितात, तर काही ‘डिव्हाइस ॲडमिन’ हा विशेष अधिकार मिळवून स्वतःला काढता येऊ नये अशी तजवीज करतात.

अशी शंका येताच क्रम चुकवू नये. प्रथम इंटरनेट बंद करून मोबाईल विमान मोडवर टाकावा व शक्य असल्यास सिमकार्ड काढून घ्यावे. दुसऱ्या मोबाईलवरून बँकेला कळवून व्यवहार थांबवावेत. पैसे गेले असतील, तर राष्ट्रीय सायबर मदत क्रमांक १९३० वर विनाविलंब तक्रार नोंदवावी. आलेला संदेश, फाईलचे नाव व ॲपचे पान यांची छायाचित्रे दुसऱ्या मोबाईलने काढून ठेवावीत, कारण पुढील तपासात तीच पुरावा ठरतात. यानंतर ॲप काढण्याकडे वळावे.

त्यासाठी मोबाईल ‘सेफ मोड’मध्ये सुरू करावा. या स्थितीत बाहेरून घेतलेली ॲप्स चालत नाहीत, त्यामुळे घुसखोराला अडथळा आणता येत नाही. बहुतेक अँड्रॉइड मोबाईलवर पॉवर बटण दाबून धरल्यावर जो ‘बंद करा’ हा पर्याय दिसतो, तोच पुन्हा दाबून धरला की सेफ मोडबद्दल विचारणा होते. काही मोबाईलवर यंत्र सुरू होत असताना आवाज कमी करण्याचे बटण दाबून धरावे लागते. मग सेटिंग्जमध्ये ‘ॲक्सेसिबिलिटी’ विभागात जाऊन अनोळखी सेवा बंद करावी. पुढे सुरक्षा विभागातील ‘डिव्हाइस ॲडमिन ॲप्स’ची यादी उघडून त्या ॲपचा अधिकार काढून घ्यावा. हरवलेला मोबाईल शोधणारी सेवा किंवा कार्यालयाचे ॲप या यादीत असणे रास्त आहे, त्यांना हात लावू नये. अधिकार गेल्यानंतर ॲप्सच्या संपूर्ण यादीतून घुसखोर काढावा आणि मोबाईल नेहमीप्रमाणे पुन्हा सुरू करावा. नाव कोरे असलेले किंवा सरकारी चिन्हाची नक्कल करणारे ॲप या यादीत विशेष लक्ष देऊन शोधावे.

शेवटी, ज्या वाटेने ते आले ती वाटही बंद करावी. सेटिंग्जमधील ‘अज्ञात ॲप्स इंस्टॉल करा’ या पानावर व्हॉट्सॲप, ब्राउझर व फाईल उघडणारे ॲप यांना दिलेली परवानगी काढावी आणि प्ले स्टोअरमधील ‘प्ले प्रोटेक्ट’ ही तपासणी चालू ठेवावी. केंद्र शासनाचे ‘सायबर स्वच्छता केंद्र’ २०१७ पासून कार्यरत असून त्याच्या संकेतस्थळावर मोबाईल तपासण्याची साधने विनामूल्य दिलेली आहेत. पासवर्ड बदलणे अगत्याचे आहे, पण ते दुसऱ्या, स्वच्छ यंत्रावरून बदलावेत.

कर्ज देणाऱ्या बनावट ॲप्सचा उपद्रवही याच जातीचा आहे. कर्जाची ॲप्स मोबाईलमधील संपर्कयादी, कॉलच्या नोंदी व छायाचित्रे यांना हात लावणार नाहीत, असा दंडक रिझर्व्ह बँकेने सप्टेंबर २०२२ मध्ये घालून दिला. जे ॲप संपर्कयादी मागते, ते कर्ज कितीही लवकर देत असले, तरी दूर ठेवावे.

काढल्यानंतरची कामे

ॲप गेले म्हणजे देणे संपले असे नाही. यूपीआयद्वारे दरमहा रक्कम कापण्यास दिलेली ‘ऑटोपे’ संमती ॲप काढल्यावरही चालू राहते. ती यूपीआय ॲपमधील ‘ऑटोपे’ विभागातून वेगळी रद्द करावी लागते. तसेच ज्या ॲपवर खाते उघडले होते ते खाते आधी मिटवावे, आणि नंतरच ॲप काढावे. ॲपने उतरवून ठेवलेली छायाचित्रे व चलचित्रे पुष्कळदा मागे राहतात, ती फाईल्समध्ये जाऊन पाहावीत.

काढलेले ॲप काही दिवसांनी पुन्हा दिसू लागले, तर त्याचीही कारणे आहेत. यंत्रणेचे मोठे अपडेट आल्यावर काही मोबाईल उत्पादकाची ॲप्स पुन्हा बसवितात. काही मोबाईलमध्ये नवी ॲप्स सुचविणारे व परस्पर उतरविणारे उत्पादकाचेच एक ॲप असते. ते शोधून बंद केल्यास उपद्रव बराच कमी होतो.

सर्व उपाय थकल्यावरच ‘फॅक्टरी रीसेट’चा मार्ग घ्यावा. त्यात यंत्रातील सारे पुसले जाते. येथे एक सावधगिरी अत्यावश्यक आहे. रीसेट केल्यावर मोबाईल पूर्वीच्या खात्याचा पासवर्ड मागू शकतो. शासकीय यंत्र एका कर्मचाऱ्याकडून दुसऱ्याकडे जाते, पूर्वीचा कर्मचारी बदलून गेलेला असतो आणि त्याच्या खात्याविना यंत्र उघडतच नाही. म्हणून कार्यभार सोपविताना जुने खाते सेटिंग्जमधून काढून मगच मोबाईल पुढच्याच्या हाती द्यावा.

कायद्याची बाजू

आधीच बसविलेली ॲप्स काढण्याचा हक्क ग्राहकाला असावा की नाही, हा प्रश्न जगभर चर्चिला गेला आहे. भारतीय स्पर्धा आयोगाने २० ऑक्टोबर २०२२ रोजी गूगल कंपनीला १,३३७.७६ कोटी रुपयांचा दंड केला. आधीच बसविलेली आपली ॲप्स काढण्यास तिने वापरकर्त्यांना अडवू नये, असा निर्देशही त्या आदेशात होता. अपील न्यायाधिकरणाने २९ मार्च २०२३ रोजी दंड कायम ठेवला, मात्र हा निर्देश रद्द केला. युरोपीय संघाच्या डिजिटल बाजार कायद्याने मात्र मोठ्या कंपन्यांवर मार्च २०२४ पासून तसे बंधन घातले.

शासनाच्या ॲपबाबतही हा प्रश्न उपस्थित झाला. ‘संचार साथी’ हे ॲप नव्या मोबाईलमध्ये आधीच बसवावे, असा आदेश दूरसंचार विभागाने नोव्हेंबर २०२५ अखेर दिला. त्यावर देशभर चर्चा झाली आणि ३ डिसेंबर २०२५ रोजी ही सक्ती मागे घेण्यात आली. ॲप उपयुक्त आहे की नाही हा एक प्रश्न, आणि ते ठेवण्याचा निर्णय कोणी घ्यावयाचा हा दुसरा, हा भेद या प्रसंगाने स्पष्ट केला.

गावाने करावयाचे काम

ही सारी दक्षता एकेकट्याने घेण्यापेक्षा संस्थेने घेतलेली अधिक फलदायी होते. ग्रामपंचायत व शाळा यांनी आपल्या ताब्यातील प्रत्येक यंत्राची एक नोंद ठेवावी. तीत यंत्र कोणाकडे आहे, कोणत्या खात्यावर चालते आणि कामासाठी कोणती ॲप्स आवश्यक आहेत, एवढे लिहिलेले असावे. जे या यादीत नाही, त्याची तपासणी दर महिन्याला व्हावी. नवे ॲप घ्यावयाचे ते अधिकृत स्टोअरवरूनच, समूहावर आलेल्या फाईलवरून नव्हे, हा नियम ग्रामसभेत समजावून सांगावा. वरच्या वर्गातील विद्यार्थ्यांना ही रीत शिक्षकांनी शिकविली, तर वाडीवरील आजी-आजोबांचे मोबाईल तेच तपासून देतील.

वाडीवरच्या बालकाचे वजन सेविकेने काळजीपूर्वक घेतलेले असते, आणि शेतकऱ्याने भर पावसात बांधावर उभे राहून पिकाचे छायाचित्र काढलेले असते. त्या श्रमाची नोंद योग्य ठिकाणी पोहोचेपर्यंत मोबाईल सांभाळणे हा त्या कामाचाच भाग होय. आधी नोंद पाठवावी, मग ॲपचा हक्क तपासावा आणि शेवटी ते काढावे, एवढा क्रम पाळला तरी निम्म्याहून अधिक अडचणी उद्भवणारच नाहीत.